तबकडीवरची तारीख

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी, मडगावला बोर्ड्यातल्या एका जुन्या घराच्या दिवाणखान्यात, आम्ही सहा जणांनी अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ एकाच संध्याकाळी दोनदा ऐकले. पहिल्यांदा कोणी काही न बोलता ऐकले. मग त्या गाण्याविषयी मी पुस्तकांतून जे वाचले होते ते पंधरा-वीस मिनिटे सांगितले, आणि यजमानांनी सुई उचलून पुन्हा तबकडीच्या कडेला ठेवली. दुसऱ्यांदा गाणे संपले तेव्हा आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ श्रोते, मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत तीस वर्षे ट्रम्पेट वाजवून आता सासष्टीत आपल्या गावी परतलेले, म्हणाले की पहिल्या वेळी त्यांना त्या बाईचा आवाज ऐकू आला आणि दुसऱ्या वेळी माझे पुस्तक. “बाय, पयलीं आयक, मागीर उलय,” (आधी ऐक, मग बोल) असे ते मला नेहमीच सांगतात. त्या दिवशी मात्र त्यांच्या स्वरात नाराजी होती. ते मनाला लागले, कारण ते संगीत जाणणारे आहेत आणि मी नुसती ऐकणारी. तरीही त्यांचे म्हणणे मला पटलेले नाही, आणि का पटलेले नाही ते नीट लिहून पाहावे असे वाटले.

मी फोंड्याची. आमच्या घरात नाट्यपदे आणि भजने होती. इंग्रजी गाणे कानावर येई ते शेजारच्या लग्नातल्या बँडवर. ‘स्ट्रेंज फ्रूट’ माझ्यापर्यंत आले ते एका मैत्रिणीने भरून दिलेल्या कॅसेटमधून, आणि शब्द नीट न कळल्यामुळे पुढची काही वर्षे मी ते विरहगीत समजून ऐकत राहिले. रात्री दिवा मालवून उशाशी टेपरेकॉर्डर ठेवून ऐकत असे. कधी स्वयंपाक करताना गुणगुणतही असे. झाड, वारा, फूल, फळ असे सुटे शब्द कानावर पडत आणि त्यांतून मनात जे चित्र उभे राही ते आपल्याकडच्या भावगीतातले असे. पुढे गाण्याचे शब्द छापलेले वाचले तेव्हा कळले की त्या झाडाला लटकलेले फळ म्हणजे जमावाने मारून टांगलेला माणूस आहे. आपण चुलीपाशी उभे राहून काय गुणगुणत होतो हे उमगल्यावर जी शरम वाटली ती अजून ओसरलेली नाही. माझ्या कानाने त्या आवाजातले दुःख बिनचूक ओळखले होते, पण ते कशाचे आहे हे कानाला कळण्याचा काही मार्गच नव्हता. त्या संध्याकाळी ट्रम्पेटवादकांना मी प्रथम हेच सांगितले.

आता गाण्याविषयी. ७ ऑगस्ट १९३० रोजी इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावी टॉमस शिप आणि एब्रम स्मिथ या दोन कृष्णवर्णीय तरुणांना जमावाने तुरुंगातून ओढून काढून मारले आणि झाडाला टांगले. एका छायाचित्रकाराने टिपलेल्या त्या दृश्याच्या हजारो प्रती विकल्या गेल्या. त्या चित्रात झाडाखाली उभी असलेली माणसे कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, काही हसत आहेत. न्यूयॉर्कमधले एक शाळामास्तर एबल मीरोपोल यांच्या कवितेमागे हेच छायाचित्र होते असे मानले जाते. १९३७ साली शिक्षक संघटनेच्या नियतकालिकात ती कविता छापून आली आणि नंतर मीरोपोल यांनीच तिला चाल लावली. गाणे दक्षिणेतल्या झाडांविषयी बोलते, पण मॅरियन हे उत्तरेकडच्या राज्यातले गाव आहे. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते, कारण नुसत्या गाण्यावर विसंबणारा श्रोता या पापाचा सगळा भार दक्षिणेवर टाकून मोकळा होईल.

बिली हॉलिडे हे गाणे गाऊ लागली ती न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटी या क्लबात, जिथे गोरे आणि काळे श्रोते एकत्र बसत. क्लब डिसेंबर १९३८ मध्ये सुरू झाला. त्याच्या थोडेच आधी, आर्टी शॉ यांच्या गोऱ्या वाद्यवृंदाबरोबर गात असताना, न्यूयॉर्कमधल्याच एका हॉटेलात तिला पाहुण्यांच्या लिफ्टऐवजी सामानाच्या लिफ्टने जाण्यास सांगण्यात आले होते. वाद्यवृंदाची गायिका म्हणून तिचे नाव जाहिरातीत होते आणि तिला जिना मागचा होता. कॅफे सोसायटीत हे गाणे रात्रीच्या शेवटी येई. वाढपी थांबत, दिवे विझत, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत उरे, आणि गाणे संपल्यावर टाळ्या कितीही पडल्या तरी ती परत येत नसे. तिच्या नेहमीच्या कंपनीने, कोलंबियाने, ते ध्वनिमुद्रित करण्यास नकार दिला, म्हणून २० एप्रिल १९३९ रोजी कमोडोर या लहानशा कंपनीसाठी ते मुद्रित झाले. ही कंपनी मिल्ट गेबलर यांनी आपल्या रेकॉर्डच्या दुकानातून उभी केली होती. तबकडी तीन मिनिटांच्या आसपास आहे आणि त्यातले पहिले मिनिटभर तिचा आवाज येतच नाही. फ्रँकी न्यूटनचा ट्रम्पेट आणि सॉनी व्हाइटचा पियानो वातावरण उभे करतात. आमच्या ट्रम्पेटवादकांना ते मिनिट फार आवडते, आणि गाणारी येण्यापूर्वी वादकाने किती थोडे वाजवावे याचा तो धडा आहे असे ते म्हणतात. हे मला कोणत्याही पुस्तकातून कळले नसते.

त्या ध्वनिमुद्रणाच्या अकराच दिवस आधी, ९ एप्रिल १९३९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, मॅरियन अँडरसन वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून सुमारे पंचाहत्तर हजार लोकांसमोर गायल्या होत्या, कारण राजधानीतल्या मोठ्या सभागृहाच्या मालक संस्थेने कृष्णवर्णीय गायिकेला ते देण्याचे नाकारले होते. एक शास्त्रोक्त पाश्चात्त्य गायिका उघड्या आकाशाखाली, दुसरी अंधाऱ्या क्लबात. या दोन तारखा शेजारी ठेवल्यापासून मला त्या एप्रिल महिन्यातले एकही गाणे निव्वळ करमणूक म्हणून ऐकता आलेले नाही.

या गाण्याविषयी आमच्या मंडळींना मराठीतून सांगताना एका शब्दापाशी मी नेहमी अडखळते. जमावाने न्याय हातात घेऊन माणूस मारावा या प्रकाराला इंग्रजीत स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडे पूर्वी ‘फासावर लटकवले’ असे भाषांतर होत असे, आणि ते चूक आहे, कारण फाशी या शब्दामागे न्यायाधीश, निकालपत्र आणि सरकारी दोरखंड उभा असतो. अलीकडे वर्तमानपत्रांतून ‘झुंडबळी’ हा शब्द रूढ झाला आहे. तो मला योग्य वाटतो, कारण त्यात मारणारेही आहेत आणि मेलेलाही आहे. मराठीला हा शब्द लागावा अशा बातम्या आपल्याकडेही आल्या म्हणून तो आला, हे तो उच्चारताना मला विसरता येत नाही.

आमच्या ट्रम्पेटवादकांची बाजूही मला मांडली पाहिजे, कारण ती अज्ञानातून आलेली नाही. त्यांनी संगीत शिकले ते गावच्या इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत, सोल्फा (पाश्चात्त्य सारेगम) म्हणत. या शाळांतून शिकलेली गोव्याची मुले पुढे मुंबईला गेली, आणि तिथे त्यांच्या आधीच्या पिढीला जॅझ मिळाला तो थेट अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांकडून. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पियानोवादक टेडी वेदरफर्ड तर या देशातच राहिले आणि १९४५ साली कोलकात्यात वारले. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले आणि लोक त्यांना, अमेरिकेतल्या विख्यात जॅझ ट्रम्पेटवादकाच्या नावावरून, हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. ही विद्या कानाने आणि कागदावरच्या स्वरलेखनाने आली. त्या गाण्यांच्या मागे कोणत्या गावात काय घडले हे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि तरीही त्यांचे वाजवणे खोटे नव्हते. हे त्यांचे म्हणणे मी मान्य करते. माझे म्हणणे एवढेच की त्यांना सांगितले गेले नाही हे बरे झाले असे समजू नये.

या वादात सर्वांत अवघड उदाहरण सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘अलाबामा’चे आहे, कारण त्यात शब्दच नाहीत. १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी सकाळी अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरी, सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि चार मुली मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या होत्या, एक अकरा वर्षांची. १८ नोव्हेंबरला कोल्ट्रेनने मॅकॉय टायनर, जिमी गॅरिसन आणि एल्विन जोन्स यांच्यासह रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ही धून मुद्रित केली. ती ज्या लाँगप्लेवर आहे तिच्या नावात बर्डलँड क्लबातल्या प्रत्यक्ष मैफलीचा उल्लेख आहे, पण ही धून मैफलीतली नाही. शांत स्टुडिओत, श्रोत्यांशिवाय वाजवलेली आहे. धून मार्टिन ल्यूथर किंग यांच्या शोकभाषणाच्या लयीवर बेतली आहे असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. मला त्या दाव्याची गरज वाटत नाही. सॅक्सोफोन संथपणे, जवळजवळ तालाबाहेर, एकेक वाक्य उच्चारत जातो आणि खाली पियानो गंभीर, दबल्या आवाजात घुमत राहतो. मधे काही वेळ चौघे लयीत चालू लागतात आणि पुन्हा थांबतात. ज्याला नाव आणि तारीख ठाऊक नाही त्याला ही एक उदास, सुंदर रचना वाटेल, आणि तसे वाटणे चूक नाही. मला ती कळली ते त्या चौघींची नावे वाचल्यानंतर: ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन, डेनिस मॅकनेअर. आता ती वाक्ये ऐकताना एल्विन जोन्स ढोलावर कुठे हात आवरतो आणि कुठे आवरू शकत नाही, ते मला ऐकू येते. पुस्तकाने माझा कान बंद केला असता तर हे ऐकू आले नसते.

गायिका नीना सिमोनच्या ‘मिसिसिपी गॉडॅम’विषयी आमच्यात वाद नाही. बर्मिंगहॅमचा स्फोट आणि त्याच वर्षी जूनमध्ये मिसिसिपीच्या जॅक्सन शहरात नागरी हक्क चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स यांची त्यांच्या घराच्या दाराशी झालेली हत्या, या दोहोंच्या संतापातून तिने ते लिहिले, आणि १९६४ साली कार्नेगी हॉलमधल्या मैफलीत गायलेले आपल्याला तबकडीवर मिळते. चाल उडती, नाटकातल्या गाण्यासारखी आहे. हे एका नाटकातले गाणे आहे, पण ते नाटक अजून लिहिले गेलेले नाही, असे ती मधेच सांगते. सुरुवातीला श्रोते हसतात, आणि गाणे पुढे सरकते तसे ते हसणे विरत जाते. तबकडीवर ते विरणे स्पष्ट ऐकू येते, आणि माझ्या मते त्या ध्वनिमुद्रणातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

त्याच वर्षी, मे १९६४ मध्ये, त्याच जॅक्सन शहरात डॉ. राममनोहर लोहिया यांना त्यांच्या वर्णामुळे एका खानावळीत प्रवेश नाकारण्यात आला. ते दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत गेले आणि त्यांना अटक झाली. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने नंतर दिलगिरी व्यक्त केली. आम्ही जिथे जमतो तिथून मडगावचे लोहिया मैदान चालत जाण्याइतके जवळ आहे. १८ जून १९४६ रोजी भर पावसाळ्यात, सभाबंदी मोडून, याच लोहियांनी तिथे गोमंतकीयांसमोर नागरी स्वातंत्र्याची मागणी उभी केली होती. दरवर्षी त्या तारखेला, गोव्याच्या क्रांतिदिनाला, तिथे भाषणे होतात, पण जॅक्सनचा उल्लेख मी आजवर एकाही भाषणात ऐकलेला नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. नीना सिमोन ज्या राज्याचे नाव घेऊन कार्नेगी हॉलमध्ये शिवी हासडत होती, त्या राज्याच्या पोलिसांनी काही आठवड्यांतच मडगावच्या लढ्याच्या प्रवर्तकाला गाडीत घातले. खानावळींतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा नागरी हक्क कायदा २ जुलै १९६४ रोजी झाला. हे मी सांगितले तेव्हा ट्रम्पेटवादकांनी गाणे पुन्हा लावण्याची खूण केली. पुस्तकाविषयी ते काही बोलले नाहीत.

ड्रमवादक मॅक्स रोच यांच्या १९६० सालच्या ‘वुई इन्सिस्ट’ या लाँगप्लेपाशी आम्ही फार काळ टिकलो नाही. तिच्या वेष्टनावर खानावळीच्या काउंटरशी बसलेले कृष्णवर्णीय तरुण आहेत. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थी अशाच काउंटरवर बसून राहिले होते. तिच्यात गायिका ॲबी लिंकन एका भागात शब्दांशिवाय गाते आणि मग किंचाळत राहते. आमच्यातल्या एक बाई, ज्या उच्च माध्यमिक विद्यालयात इतिहास शिकवतात, तो भाग सुरू असताना उठून बल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, जाऊन बसल्या. मलाही तो पूर्ण ऐकवत नाही, पण तो आहे म्हणून ती तबकडी मला प्रामाणिक वाटते.

याच बाईंनी आर्मस्ट्राँगविषयी एक वाक्य उच्चारले आणि बैठक मोडण्याची वेळ आली. त्या म्हणाल्या की लुई गोऱ्यांसमोर आयुष्यभर हसतच राहिला. हे मत त्यांचे एकट्यांचे नाही. साठच्या दशकात अनेक तरुण कृष्णवर्णीय वादकांचेही तेच होते. आमचे ट्रम्पेटवादक यावर काहीच बोलले नाहीत, नुसते खाली पाहत राहिले. मग मी सप्टेंबर १९५७ ची हकीकत सांगितली. आर्कान्सासचे राज्यपाल ऑर्व्हल फॉबस यांनी लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिरू न देण्यासाठी सैनिक उभे केले, तेव्हा आर्मस्ट्राँग नॉर्थ डाकोटातल्या ग्रँड फोर्क्स येथे कार्यक्रमासाठी आले होते. तिथे एका तरुण वार्ताहराशी बोलताना त्यांनी राज्यपाल आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर अत्यंत कडक शब्दांत टीका केली आणि सरकारच्या वतीने करावयाच्या सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर जाणार नाही असे जाहीर केले. कार्यक्रम रद्द झाले, बहिष्काराच्या हाका उठल्या, पण त्यांनी शब्द मागे घेतले नाहीत. ट्रम्पेटवादकांना हे ठाऊक नव्हते. लुईची प्रत्येक तबकडी ज्यांना फुंकरीनिशी पाठ आहे अशा माणसाला हे वयाच्या इतक्या उशिरा कळावे, याचे मला त्या क्षणी फार वाईट वाटले. यजमानांनी मग १९२९ सालची ‘ब्लॅक अँड ब्ल्यू’ लावली. (लुई आणि आमच्या केरीच्या केसरबाई केरकर, दोघेही १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीत बसून अवकाशात गेले आहेत, ही गोष्ट ट्रम्पेटवादकांना आधीपासून ठाऊक होती आणि ती ते सर्वांना अभिमानाने सांगतात.)

पुस्तके आमच्याकडे फिरती असतात. टेलर ब्रांच यांचा किंग यांच्या काळाचा जाडजूड इतिहास सध्या यजमानांकडे आहे. अँजेला डेव्हिस यांचे मा रेनी, बेसी स्मिथ आणि बिली हॉलिडे यांच्यावरचे पुस्तक बाईंकडे आहे. बिली हॉलिडेचे १९५६ सालचे आत्मचरित्र मी कोणाला देताना सावध करून देते, कारण ‘स्ट्रेंज फ्रूट’ची चाल कशी तयार झाली याची त्यातली हकीकत मीरोपोल यांच्यावर अन्याय करणारी आहे. मराठी वाचकाला या विषयाकडे जायला दूरचा रस्ता नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केली. १९४६ साली, लोहिया मडगावला आले त्याच उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सुमारास, डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडील अर्जाची प्रत मागितली आणि ड्यू बॉइस यांनी जुलैच्या अखेरीस उत्तर दिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आले.

ड्यू बॉइस यांचे १९०३ सालचे ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ त्या दिवशी माझ्या पिशवीत होते. त्यात प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर काही काव्यपंक्ती आणि त्यांच्याखाली गुलामांच्या शोकगीतातले काही स्वर छापलेले आहेत, शब्दांशिवाय, नावाशिवाय. मला पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येत नाही, त्यामुळे त्या ओळी मी इतकी वर्षे नक्षीसारख्या ओलांडत आले होते. सगळे चहा घेत असताना ट्रम्पेटवादकांनी पुस्तक हातात घेतले, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि पहिल्या प्रकरणावरचे स्वर हलक्या आवाजात सोल्फात म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या मात्रागटापाशी ते थांबले. “हें लुईचें,” ते म्हणाले. ती ‘नोबडी नोज द ट्रबल आय हॅव सीन’ची धून होती, आर्मस्ट्राँगने १९५८ सालच्या आपल्या भक्तिगीतांच्या तबकडीवर गायलेली. ते पुन्हा पहिल्या स्वरापासून म्हणू लागले आणि या वेळी शेवटपर्यंत गेले. माझ्या पुस्तकाचे पहिले पान मी त्या दिवशी प्रथम ऐकले.

निघताना त्यांनी पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पावसातून घरी नेले. सगळ्या प्रकरणांवरचे स्वर वहीत उतरवून घेणार आहेत, असे परवा त्यांनी फोनवर सांगितले. पुढच्या बैठकीला ट्रम्पेट घेऊन येणार आहेत, आणि कोणती धून कोणत्या प्रकरणावर आहे ते मी आधी सांगायचे नाही अशी त्यांची अट आहे.